जांभईमंडळी आणि ताजबी

जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात ताजबीच्या तोडीची गोळी वळणारी बाई दुसरी नव्हती. गोळी म्हणजे अफूची. आता लगेच नाक मुरडू नका. एकोणीसशे सात-आठ सालची गोष्ट. अफू तेव्हा परवान्याच्या दुकानात राजरोस मिळायची आणि त्या दुकानापुढं भली भली पागोटी ताटकळलेली दिसायची. कुणाकुणाची, ते सांगत नाही. त्यांचे नातू अजून मला रामराम घालतात, तो बंद व्हायला नको.

माझं तपकिरीचं दुकान मोहल्ल्याच्या अगदी तोंडाशी. तपकीर घ्यायला आलेला माणूस चिमूट ओढतो, शिंकतो आणि शिंका ओसरेपर्यंत थांबतो. तेवढ्या वेळात तो जे बोलतो ते खरं असतं, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. ताजबीची हकिकत मला अशी शिंकेशिंकेनं मिळाली. काही तिच्या शेजारणीकडून, काही पुढं खुद्द तिच्याकडून, आणि शेवटचा भाग तर मी दुकान उघडं टाकून डोळ्यांनी पाहिला. त्या दिवशी माझी अर्धी बरणी तपकीर चोरीला गेली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

ताजबी उंच, सावळी, आणि तिचा उजवा दंड डाव्याच्या दीडपट. घरात हातकागदाचा धंदा. नवरा दिलावर हौदाच्या काठावर बसायचा, लगद्याच्या पाण्यात गवताच्या काड्यांची जाळी बुडवायचा आणि साय काढावी तसा एकसारखा थर उचलायचा. वाळलेला कागद फळीवर घेऊन गुळगुळीत दगडानं घोटायचा, चकाकी आणायची, हे ताजबीचं काम. सकाळपासून तिच्या ओसरीवर घर्रघर्र चालायची. दगडाचा आवाज ऐकून मोहल्ला ओळखायचा, आज बाईचा मिजाज कसा आहे.

आणि मिजाज बहुतेक वेळा जळका असायचा. ही बाई कशावर जळत नसे ते विचारा. दिलावरनं शेजारच्या घरची डाळ चांगली म्हटली की आठ दिवस त्याला डाळ मिळायची नाही. त्यानं एक शेळी पाळली होती, येताजाता तिची मान खाजवायचा. ताजबीनं ती शेळी ईद यायच्या चार महिने आधी कापायला लावली. जहाँआरा, तिची शेजारीण, तोंडावर म्हणायची, "ताजबी, तुजा नवरा आरशात बघाया लागला तर तू आरसा फोडशील."

"फोडीन," ताजबी म्हणायची. "आरशानं बी लई बघू न्हाई."

दिलावर बिचारा अबोल. हौदाशी बसला की पाण्यासारखा, घरी आला की लगद्यासारखा. पूर्वी असा नव्हता म्हणतात. त्यांना एक मुलगी झाली होती, सायराबानू. अकरा महिन्यांची झाली आणि प्लेगच्या वर्षात दोन दिवसांच्या तापानं गेली. पोर पुरून आल्यावर दिलावरनं तिचं नाव एकदाही उच्चारलं नाही. ताजबी बोलायला गेली की उठून हौदाकडं जायचा. थंड पाण्यात वाकून वाकून कंबर धरते, असं सांगून त्यानं अफू सुरू केली. कंबर खरंच धरत असेल. मी काही त्याच्या कमरेत शिरलो नव्हतो.

तेव्हापासून दहा वर्षं त्याची गोळी ताजबी वळायची. हरभऱ्याएवढी, गोल, कुठं चीर नाही. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली की दिलावर हौदावरून उठून उंबऱ्यावर येऊन बसायचा आणि एक शब्द न बोलता हात पुढं करायचा. ताजबी तळहातावर गोळी ठेवायची. त्या वेळी तो मान वर करून तिच्याकडं बघायचा. दिवसभरात तेवढंच. बाई त्या एका बघण्यावर चोवीस तास काढायची. लोकांना हे वेड वाटेल, पण ज्या बाईच्या वाट्याला दुसरं काही नाही तिनं एवढ्यावर हक्क सांगितला तर काय बिघडलं?

मग तो दिलावर हौदात पडला.

दुपारची वेळ, ऊन रणरणतं. जाळी हातात धरून गडी वाकला, त्याला अफूची पिनक आली आणि तसाच डोक्यावर आत गेला. नशीब की त्याच वेळी रखमाजी लगद्यासाठी चिंध्यांची गाडी घेऊन आला होता. महाळुंगे पडवळचा हा गाडीवान, पोट सुटलेला, तोंडानं सैल. त्यानं दिलावरला पायांना धरून उपसला. दिलावर नखशिखांत पांढरा, मिशांना लगदा, कानात लगदा. जहाँआरा धावत आली आणि मदत करायची सोडून हसत बसली. "मेल्या, जरा वाळू दे, तुला घोटून विकू!"

सगळे हसले. रखमाजी हसला नाही. त्यानं दिलावरचं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, मी दोन साल मागं बैलाच्या पायात पडलो व्हतो. असाच. चला माज्यासंगं."

तो त्याला घेऊन गेला हिरड्याच्या वखारीत. आमच्या पश्चिमेच्या डोंगरातला हिरडा पोत्यांनी जुन्नरला येतो, तो निवडायला एक बाई होती, घाटघरची लंकाबाई. साठीची, विधवा, तोंडात तीन दात. तिकडच्या पावसात सांधे आखडतात म्हणून तिनं अफू धरलेली आणि पुढं स्वतःच्या हिमतीनं सोडलेली. वखारीच्या मागच्या पडवीत ती रोज तिसऱ्या प्रहरी चार अफूबाजांना घेऊन बसायची. ठरलेल्या गोळीची जी वेळ, नेमकी तीच वेळ. कारण त्या घडीला माणूस एकटा राहिला की दुकानाची वाट धरतो.

तिची रीत अशी. एका थाळीत दाणे मांडलेले: हरभरा, तूर, मूग, बाजरी, राजगिरा. ज्याची गोळी हरभऱ्याएवढी त्यानं चार दिवस हरभऱ्यावर राहायचं, मग चार दिवस तुरीएवढी, मग मुगाएवढी, असं उतरत जायचं. राजगिऱ्यानंतर थाळी मोकळी. मात्र कुणी स्वतःची गोळी स्वतः वळायची नाही आणि घरच्यानं तर मुळीच नाही. लंकाबाई म्हणायची, "घरच्याला एक तर दया येती न्हाईतर राग येतो. दोन्हीनं गोळी वाढती." दिलावरची गोळी तीच वळे. गोळी तोंडात ठेवायची आणि अंगातली तगमग निवेपर्यंत आळीपाळीनं बोलायचं. काय वाटेल ते. कुणी मध्ये तोंड घालायचं नाही, हसायला मात्र मुभा.

गोळी कमी झाली की अंग मोडून येतं, नाक वाहतं आणि जांभयांवर जांभया सुटतात. एकानं दिली की दुसऱ्याला, दुसऱ्याची बघून तिसऱ्याला. वखारीवरून जाणाऱ्यांना पाच उघडी तोंडं दिसायची. गावानं त्यांचं नाव ठेवलं, जांभईमंडळी. नाव मी ठेवलं असं काही लोक म्हणतात. म्हणोत.

पहिल्या दिवशी ताजबीनं नेहमीसारखी गोळी वळून ठेवली होती. अजान झाली. दिलावर बऱ्याच उशिरानं आला, उंबऱ्यावर बसला, पण हात मांडीवरच.

"हात करा की," ताजबी म्हणाली.

"आजपासून नगं. घेऊन आलो."

"कुठनं?"

"वखारीतनं. लंकाआक्कानं दिली."

"कोण लंका?"

"घाटघरची हाय. हिरडा निवडती."

"बाई हाय?" ताजबीचा आवाज बदलला. "अन् तिच्या हातानं तुमी घेतली? माज्या हाताला काय झालं? कोड फुटलंय का माज्या हाताला?"

दिलावरनं घरातली अफूची डबी मागितली. तीही लंकाबाईकडं द्यायची होती. ताजबीनं ती अंगणात भिरकावली. त्यानं उचलली, पुसली आणि घेऊन गेला. कंदिलाची वात वर करावी तसं त्या दिवसापासून बाईचं जळणं वाढलं.

आणि पुढं जे झालं ते मोहल्ल्यातल्या सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्याच दिवशी ताजबीच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. पाय वळायला लागले, पोटात मुरडा, अंगावर काटा. रात्र रात्र झोप नाही. घोटायचा दगड हातातून निसटू लागला. तोंडाची चव गेली. भर ओसरीवर जबडा फाकून जांभया.

जहाँआरानं निदान केलं. "हे जळणं हाय, जळणं! माज्या नणंदेला असंच झालतं, तिच्या मालकानं दुसरी केली तवा. तिचं तर केस बी गळालं."

"मला काय जळायचं?" ताजबी नाक पुसत म्हणाली. "तिला तीन दात हायेत."

"तीन दातांनी बी माणूस धरून ठेवता येतो, बहिणी."

मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मत्सर आतड्यात उतरला की असंच होतं, असं ठरलं. मीही डोलावली. दोन जणांनी तिचं वाहतं नाक माझ्या तपकिरीवर ढकललं, तेव्हा तर मी मोठ्यानं सांगितलं की छे, छे, हा शुद्ध सवतीमत्सर आहे! धंद्यापुढं माणूस काय काय बोलतो.

इकडं दिलावर सुधारत चालला आणि तेच ताजबीला सोसेना. तोही तळमळायचा, पण तिसऱ्या प्रहरी वखारीत जाऊन आला की त्याच्या तोंडावर पाणी मारल्यासारखं व्हायचं. चार दिवसांनी तो शीळ घालत आला. दहा वर्षांत प्रथम शीळ, आणि ती ऐकायला मिळाली कुणाला, तर लंकाबाईला आधी! ताजबीनं विचारलं, "काय खुशी एवढी?"

"आज तुरीवर आलो."

"मग माज्या तुरीच्या डाळीत काय वाईट व्हतं?"

त्याला हसू आलं, तेही तिला लागलं. तो रखमाजीची थट्टा सांगायचा, कोण किती जांभया देतो ते सांगायचा. ताजबी प्रत्येक नाव मनात खुंटीला टांगून ठेवायची. मी करीन ते फुकट आणि ती हिरडेवाली करील ते औषध! दहा वर्षं मी म्हणत होते, कमी करा, कमी करा, तेव्हा बहिरे होते. तिनं थाळीत चार दाणे मांडले आणि हे पोरासारखे दाणे मोजत बसले. ही सगळी बोलणी तिनं नंतर मला सांगितली तेव्हासुद्धा तिच्या नाकपुड्या फुगत होत्या.

एकदा ती कुंपणाआडून बघूनही आली. दिलावर पोत्याला टेकून बोलत होता. बोलत होता! हातवारे करून! आणि ती तीन दातांची बाई मान खाली घालून ऐकत होती. ताजबी परत आली ती ओढणी चावतच.

आठव्या-नवव्या दिवशी रखमाजी चिंध्या टाकायला आला. दिलावर हौदावर होता. ताजबीनं पाण्याचा तांब्या आपटला. रखमाजीला वाटलं बाई आजारी आहे, म्हणून त्यानं धीर द्यायला तोंड उघडलं. या माणसाचं तोंड उघडणं नेहमीच महागात पडायचं.

"भाबी, जिवाला लावून घेऊ नका. दिलावरभाऊनं परवा समदं सांगितलं आमाला. तुमच्या सायराबानूचं. पोर त्याचं बोट धरून उभी ऱ्हायाला लागली व्हती म्हनं. आमी समदीच रडलो."

ताजबीच्या हातात दगड होता. तो तिनं मारला नाही हे रखमाजीचं पूर्वपुण्य. दहा वर्षं ज्या नावासाठी ती एकटी भिंतीशी बोलली, ते नाव दिलावरनं काढलं आणि हिरड्याच्या पोत्यांपुढं काढलं. महाळुंग्याच्या गाडीवानाला ते ऐकायला मिळालं आणि ज्या पोटातून पोर आली त्या पोटाला नाही.

"बोट धरून," ती म्हणाली. "कोणतं बोट, ते सांगितलं का?"

"न्हाई बा."

"करंगळी," ताजबी म्हणाली आणि आत गेली.

आतापर्यंतच्या जळण्याला मी हसत आलो. या ठिकाणी मला हसता येत नाही. पण तिनं पुढं जे केलं ते वाईटच केलं, तेही सांगतो.

बाराव्या दिवशी ती ओढणी घेऊन परवान्याच्या दुकानात गेली. चांदीचा एक तोडा मोडून अफू आणली. दिलावर तेव्हा मुगावर आलेला, हात स्थिर होत चाललेला, कागद एकसारखा निघू लागलेला. ताजबीला ते सगळं दिसत होतं. तिला नवरा बुडायला नको होता. तिला तो उंबऱ्यावर परत हवा होता, हात पुढं केलेला. बुडाला तरी आपल्या दारात बुडावा. मत्सर माणसाला एवढा हिशेबी आणि एवढा आंधळा एकाच वेळी करतो.

तिनं गोळी वळली. हरभऱ्याएवढी, पूर्वीसारखी. पितळी ताटलीत ठेवली. आणि काय चमत्कार! अर्ध्या घटकेत तिचं नाक थांबलं. पाय सुटले. पोटातला मुरडा गेला. अंगावर ऊबदार गोधडी पडावी तसं वाटलं. बारा दिवसांत पहिल्यांदा तिनं भिंतीला डोकं टेकलं.

जहाँआरा डोकावली. "आज तरतरीत दिसतीस गं?"

"माजं काम माज्या हातात आलं," ताजबी म्हणाली. "बघ, दुखणं पळालं. तू म्हणत व्हतीस तेच खरं, जळणंच व्हतं ते!"

अजान झाली. दिलावर वखारीकडं निघण्याआधी तोंड धुवायला घरी आला. उंबऱ्यावर ताटली. ताटलीत गोळी. बाई शेजारी बसलेली, डोळ्यांत सुरमा.

दिलावरच्या हातातला तांब्या कलंडला. मग त्यानं गोळी उचलली. ताजबी त्याच्या डोळ्यांकडं बघत बसली, तो बघणार म्हणून. त्यानं बघितलं नाही. गोळी मुठीत धरली आणि चपला न घालता पळत सुटला.

"अजी!" ताजबी ओरडली. "खायची तर हितं खा! तिला दावायला घेऊन चाललासा?"

तो पुढं, ती मागं, तिच्यामागं जहाँआरा. माझ्या दुकानापुढून ही वरात गेली. आता तुम्हीच सांगा, मी बसून राहायचं होतं का?

वखारीत दिलावरनं मूठ उघडली तेव्हा बोटं त्याची त्याला सुटत नव्हती. लंकाबाईनं ती एकेक करून उलगडली. गोळी घेतली आणि शेजारच्या चुलीत टाकली. रखमाजीच्या तोंडून निघून गेलं, "आरं आरं आरं, केवढी व्हती!"

"रखमा, डोळं मीट," लंकाबाई म्हणाली.

तेवढ्यात ताजबी दारात. श्वास लागलेला, ओढणी खांद्यावर. "थेरडे! माजा नवरा काय तुज्या पोत्यातला हिरडा हाय व्हय, निवडून घ्यायला?"

लंकाबाईनं तिच्याकडं पाहिलं. नीट पाहिलं, डोळ्यांत. "बाई, जरा उजेडात ये."

"मी कशाला येऊ?"

"तुजी बुबुळं टाचणीएवढी झाल्याती. आज काय खाल्लंस?"

"तुजं डोकं!"

"गोळी तूच वळलीस न्हवं? दहा साल तूच वळत व्हतीस. गोळी वळल्यावर बोटं कशाला पुसायचीस?"

ताजबी थांबली. "पुसायची कशाला? मोलाची चीज. चाटायची."

"रोज?"

"रोज. अन् त्यांची कमी व्हावी म्हणून कोपऱ्याची कणी बी काढायची मी," तिनं दिलावरकडं बोट केलं. "यांच्या भल्यासाठी! विचारा!"

"कणी टाकायचीस कुठं?"

ताजबीनं बोटं ओढणीआड घेतली.

"तोंडात," जहाँआरा मागून पुटपुटली. "या अल्ला. मी रोज बघायची."

लंकाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "डबी घरातनं कधी गेली? बारा दिस झालं. तवापासनं नाक गळतंय? पाय वळत्यात? झोप न्हाई? जांभया?"

"ते जळणं व्हतं," ताजबी म्हणाली, पण आवाज निम्म्यावर आला होता. "समदे म्हणाले. ह्यो तपकीरवाला बी म्हणाला."

सगळे माझ्याकडं वळले. मी छपराची कौलं मोजू लागलो.

"जळत तर तू असशीलच," लंकाबाई म्हणाली. "पण पोरी, हे दुखणं आमचं हाय. तू आमच्यातली हायेस. आन् बारा दिस कोरडे काढलेस? दाण्याबिगर? एकटीनं? ह्यो रखमा बाजरीवरनं राजगिऱ्यावर येताना आईला हाका मारत व्हता."

"मारत व्हतो," रखमाजीनं कबूल केलं. "आई मरून नऊ सालं झालीत."

"आज चाटलंस म्हणून. न्हाईतर तू सुटलीच व्हतीस, आमच्या समद्यांच्या आधी. आता पुना दोन-चार दिस तरास व्हईल. त्या घडीला हितं येत जा."

तिनं पाण्याचा तांब्या आणि राख पुढं सारली. ताजबीनं आपली बोटं पाहिली. नखांत अजून काळं होतं. धुवायची म्हणजे कबूल करायचं, आणि तेही या बाईपुढं. ताजबीला काय वाटलं ते मी विचारलं होतं पुढं एकदा. म्हणाली, "वाटलं, चाटावी आन् निघून जावं. घरी तरी कोण हाय? मग वाटलं, हे रोज हितं येतात, ते काय उगीच?" तिनं दिलावरकडं पाहिलं. तो खाली बघत होता, पाय धुळीनं माखलेले, अनवाणी. ती उकिडवी बसली आणि राखेनं नखं घासू लागली. उजव्या दंडात भरपूर जोर होता. पार लाल होईपर्यंत घासली.

"बसायला गोणपाट दे रे तिला," लंकाबाई म्हणाली. मग दिलावरला, "आन् तू उठ. तुजा मूग घे आन् भाईर बस."

"मी? मी का?"

"नवराबायकू एका फेरीत न्हाई. घरचं माणूस समोर असलं की खरं निघत न्हाई. आज तिची पाळी."

"पण आक्का, मी हितं आधी आलो."

"आन् ती बारा दिस कोरडी ऱ्हायली. चल, हो भाईर."

त्याला, मला आणि जहाँआराला बाहेर काढून पडवीचं दार लोटलं गेलं. दिलावर हिरड्याच्या पोत्यावर बसला. आतून ताजबीचा आवाज येऊ लागला, पण शब्द कळत नव्हते. बराच वेळ ती एकटीच बोलत होती. मग कुणी तरी नाक शिंकरलं. मग पुन्हा तिचा आवाज. आणि मग एकदम सगळे हसले. रखमाजी तर खोकला येईपर्यंत हसला.

दिलावर उठून उभा राहिला. "हसत्यात. कशाला हसत्यात? माज्यावर हसत्यात का?"

"मला काय ठाऊक?" मी म्हणालो.

"तुमाला समदं ठाऊक असतं म्हणत्यात."

"मग दाराला कान लाव."

त्यानं खरंच लावला. आतून रखमाजी ओरडला, "दिलावरभाऊ, फटीतनं तुमची सावली दिसतीया!" पुन्हा हशा. त्यात सगळ्यात मोठा ताजबीचा. दिलावर पोत्यावर येऊन बसला आणि हिरडे चिवडू लागला. त्याच्या तोंडाकडं बघून जहाँआरानं माझ्या कानात सांगितलं, "ह्याचे बी केस गळणार."

ताजबी पुढं त्या बैठकीला किती वर्षं जात राहिली म्हणून सांगू? अफू सुटली महिन्याभरात. बाई मात्र रोज तिसऱ्या प्रहरी दगड खाली ठेवून निघायची, नवीन येणाऱ्यांची नाकं पुसायची. लंकाबाईशी तिचं शेवटपर्यंत पटलं नाही. म्हातारीच्या आजारात तिला पेज भरवायला घाटघरपर्यंत चालत गेली तेव्हाही रस्ताभर तिला नावं ठेवत गेली. लंकाबाई गेली तेव्हा थाळी ताजबीकडं आली, आणि गोळ्या वळण्यात तर तिचा हात कुणी धरू शकत नव्हतंच.

पण त्या दिवशी दार उघडलं तेव्हा सगळ्यांत आधी ती बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि सरळ घराकडं चालू लागली. दिलावर मागून. मी आपला चार पावलं अंतर राखून. वाट तीच होती, काय करणार?

"काय सांगितलंस त्यांना?" दिलावरनं विचारलं.

"तुमी काय सांगितलं ते मला सांगितलं व्हतं का?"

तो मशिदीच्या वळणापर्यंत तसाच मागून आला. मग म्हणाला, "सायराचं सांगितलंस?"

ताजबी रस्त्यात थांबली. मागून एक बैलगाडी आली, गाडीवान शिव्या देऊन बाजूनं गेला, तरी ती हलली नाही.

"पुना म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"नाव. सबंध."

"सायराबानू," दिलावर म्हणाला आणि मान वर करून तिच्याकडं बघत राहिला.

ताजबी चालू लागली. या खेपेला तो शेजारून चालत होता. दहा-बारा पावलं गेल्यावर त्यानं विचारलंच, "पर रखमाला एवढं हसू कशाचं आलं?"

ते तिनं त्याला त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही सांगितलं नाही. मला माहीत आहे. पण मीही सांगत नाही.